तर्री वर, पाणी खाली: ग्रीस ट्रॅपचा नियम आला कुठून?

मिसळीचा रस्सा ढवळला की एकजीव दिसतो. पातेलं पाच मिनिटं बाजूला ठेवलं, तर तर्री आपोआप वर येते. ग्रीस ट्रॅपचं सगळं शास्त्र एवढंच आहे. भटारखान्यातलं सांडपाणी एका टाकीत थोडा वेळ थांबवायचं, चरबी वर तरंगू द्यायची, शितं आणि भाजीचे तुकडे तळाशी बसू द्यायचे, आणि मधलं पाणी आडव्या पडद्याखालून पुढे ड्रेनेजला सोडायचं. कॅलिफोर्नियातल्या नॅथॅनिएल व्हाइटिंग यांनी 1884 मध्ये याचं पेटंट घेतलं. रचनेत तेव्हापासून फार मोठा फरक पडलेला नाही.

फरक पडला तो सांडपाण्यात. जुन्या खानावळीत भांडी राखेने घासली जात आणि शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल पुण्याच्या थंडीतही पातळच राही. पुढे डालडा आला आणि मग पामतेल. दोन्ही गार झाली की थिजतात. डिसेंबरच्या पहाटे मोरीच्या पाइपात त्यांचा थर धरायला वेगळं निमित्त लागत नाही. शिवाय चरबीतली आम्लं आणि पाण्यातलं किंवा काँक्रीटमधलं कॅल्शियम यांचा संयोग होऊन साबणासारखा कडक लगदा बनतो. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात 2017 साली असा 130 टनांचा गोळा सापडला होता, तिकडे त्याला ‘फॅटबर्ग’ म्हणतात. आपल्याकडे त्याला असं भारदस्त नाव नाही, ‘चेंबर तुंबलंय’ एवढंच म्हणतात आणि जेटिंगची गाडी बोलावतात.

एवढं सगळं असून खाद्यगृहांवरच्या कायद्यांची नजर बराच काळ ताटावर होती, मोरीवर नव्हती. 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा पदार्थ तपासायचा. मोरीपर्यंत नियम पोहोचला तो दोन वेगवेगळ्या वाटांनी.

एक वाट बांधकामाची. राष्ट्रीय इमारत संहिता 1970 मध्ये आली, तिच्या 1983, 2005 आणि 2016 मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. मोठ्या स्वयंपाकघराच्या निचऱ्यावर ग्रीस ट्रॅप हवा, ही अपेक्षा तिच्या प्लंबिंगच्या भागातली. ती नकाशावर दाखवता येते. पण नकाशा एकदाच मंजूर होतो आणि ट्रॅप आठवड्याला भरतो.

दुसरी वाट प्रदूषणाची, आणि इथे महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. राज्याने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1969 मध्येच केला, 1970 च्या सप्टेंबरात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल अधिनियम आला 1974 मध्ये, आणि राज्याने तो 1981 मध्ये स्वीकारला. आकडा मात्र पर्यावरण संरक्षण नियमांतून मिळाला: तेल आणि ग्रीस नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरला 10 मिलिग्रॅम, सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात 20 मिलिग्रॅम. हजार लिटरच्या टाकीत जेमतेम दीड मोठा चमचा तेल, असा त्याचा अर्थ. कढया धुतलेलं पाणी ट्रॅपशिवाय यात बसणं अवघडच.

गंमत अशी की प्रदूषण मंडळांच्या 2016 च्या वर्गीकरणात, म्हणजे प्रदूषणानुसार पाडलेल्या रंगांच्या गटांत, हॉटेलं मुख्यतः खोल्यांवरून मोजली गेली: वीसपर्यंत खोल्या असतील आणि बॉयलर नसेल तर हिरवा गट, वीसहून जास्त पण शंभरहून कमी खोल्या असतील तर नारिंगी. आता पुण्यात ‘हॉटेलात जाऊ’ म्हटलं तर मुक्कामाची पिशवी कोण भरतं? आपली हॉटेलं टेबलांची आहेत. पुढे दिल्लीच्या महिपालपूर परिसरातल्या हॉटेल-बँक्वेटांचा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि रेस्टॉरंट, बँक्वेट यांच्यासाठी केंद्रीय मंडळाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. ट्रॅप त्यांत ठळकपणे आला.

पुण्यात हा प्रश्न थेट मुळा-मुठेपर्यंत जातो. ड्रेनेज तुंबलं की पाणी जवळच्या ओढ्याला मिळतं, आंबिल ओढा असो की नागझरी. आणि तुंबलं नाही, तर तवंग मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पोहोचतो. तिथे जिवाणू हवेवर जगतात. पाण्यावर तेलाची साय धरली की हवा मिसळणं मंदावतं आणि फेस वाढतो. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून पुण्यासाठी जो 990.26 कोटींचा प्रकल्प आखला गेला, त्यात रोज एकूण 396 दशलक्ष लिटर क्षमतेची 11 नवी केंद्रं आहेत. भटारखान्यात अडवलेली चरबी या केंद्रांवरचं ओझं कमी करते, म्हणून मला पाच फुटांची ही टाकी किरकोळ वाटत नाही.

फसगत बहुतेक वेळा टाकी नसल्याने होत नाही, ती साफ न केल्याने होते. थर आणि गाळ मिळून पाव टाकी भरली की उपसायची, असा जगभरचा ठोकताळा आहे. घाईच्या वेळी भांडी घासणारा पोरगा कडकडीत पाणी आणि लिक्विड साबण ओततो, त्यात तेलाचे बारीक कण होतात, ट्रॅपमधून सहीसलामत निसटतात आणि दोन चेंबर पुढे पुन्हा थिजतात. त्याचा दोष नाही. ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची असतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कढईतल्या तेलाचं नशीब जरा बरं निघालं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांची 25 टक्क्यांची मर्यादा 1 जुलै 2018 पासून लागू झाली. त्याच ऑगस्टमध्ये वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवण्याची ‘रुको’ मोहीम निघाली, आणि दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना 1 मार्च 2019 पासून त्याची नोंदवही ठेवावी लागली. आज ते तेल डब्यात साठवलं तर घ्यायला माणूस दारात येतो आणि किलोवर पैसे देतो. ट्रॅपमधल्या आंबूस गाळाला असा भाव नाही. तो न्यायला उलट मालकालाच सक्शनच्या गाडीचे पैसे मोजावे लागतात.