सनरूफ, भेळ आणि दाजींच्या डोक्यावर पडलेलं पाणी

आमच्या दाजींनी गेल्या वर्षी नवी गाडी घेतली, आणि घेतली ती सनरूफसाठीच, हे दाजी सोडून घरात सगळ्यांना माहितीये. शोरूममध्ये इंजिन, मायलेज वगैरे विचारायच्या आधी त्यांनी ते बटण चार वेळा दाबून बघितलं होतं. मग श्रावणातल्या एका रविवारी ताई, दाजी, आई, भाचा आणि मी असे पाचजण पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघालो, आणि उघड्या सनरूफच्या ज्या काही फजित्या असतात त्यातल्या बऱ्याचशा त्या एका दिवसात आमच्या वाट्याला आल्या. तेव्हा नुसतं हसलो, पण नंतर बसून विचार केला तर एकेका फजितीमागे चांगलं दणदणीत फिजिक्स निघालं.

पहिली गंमत पौडच्या पुढे झाली. रस्ता मोकळा होता, ऊन पडलं होतं, दाजींनी काच पूर्ण मागे सरकवली, गाडी सत्तरला गेली आणि आतमध्ये अचानक भुप-भुप-भुप असं सुरू झालं, म्हणजे आवाज म्हणावा तर आवाज नाही, कानावर कोणीतरी उशीने मारतंय असं. आई म्हणाली, "अहो जावईबापू, टायर गेला वाटतं." भाचा खिडकीला नाक लावून हेलिकॉप्टर शोधत होता. दाजींनी घाबरून स्पीड कमी केला तर आवाज गायब, परत सत्तरला गेले तर परत हजर.

लहानपणी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून भोंगा वाजवलाय ना, तेच हे. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी असते, तोंडाशी असलेली हवा आत दाबली की आतली हवा तिला परत बाहेर ढकलते, ती जरा जास्तच बाहेर जाते, मग परत आत ओढली जाते, असा झोका सुरू होतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १९व्या शतकात यासाठी पोकळ गोळे बनवून घेतले होते, प्रत्येक गोळा फक्त आपल्याच सुराला घुमायचा, म्हणून या प्रकाराला त्याचंच नाव आहे. भांडं जेवढं मोठं तेवढा सूर खाली. आता गाडीची केबिन म्हणजे साधारण ३ घनमीटरची बाटली, तिचा सूर निघतो २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २० झोके. आपला कान ऐकू शकतो त्याची खालची हद्द पण तिथेच आहे, त्यामुळे धड ऐकू येत नाही पण कानाच्या पडद्यावर बुक्के बसतात.

पण मग सत्तरलाच का? सनरूफच्या पुढच्या कडेवरून हवा निघते ती सरळ जात नाही, छोट्या छोट्या भोवऱ्यांत गुंडाळत जाते. हे भोवरे गाडीच्या साधारण निम्म्या वेगाने मागच्या कडेपर्यंत जाऊन तिथे आपटतात. सत्तरचा स्पीड म्हणजे सेकंदाला १९ मीटरच्या वर, त्याच्या निम्मे साडेनऊ, आणि भोक अर्ध्या मीटरचं, म्हणजे एका भोवऱ्याला लागतो एक विसांश सेकंद, म्हणजे सेकंदाला २० धक्के. केबिनचा सूर पण २०! झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो कसा चढत जातो, तसं होतं मग. आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. त्यात २० हर्ट्झच्या लहरीची लांबी १७ मीटर, गाडीपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून अख्ख्या केबिनमधला दाब एकदमच वर-खाली होतो आणि कुठल्याही सीटवर बसलात तरी सुटका नाही.

यावर इलाज एकदम फुकट आहे. मागची एखादी खिडकी दोन बोटं उघडायची. बाटलीला दुसरं भोक पडलं की स्प्रिंगची हवाच निघून जाते (हा विनोद नाही, खरंच तसं होतं). बऱ्याच गाड्यांत सनरूफ उघडताना पुढच्या कडेला एक छोटी पट्टी किंवा जाळी उभी राहते, ती पण याचसाठी असते, भोवऱ्यांची शिस्त मोडायला. दाजींना वाटत होतं ती किडे अडवायला आहे.

तर आईने मागची खिडकी उघडली, शांतता झाली, आणि ताईने भेळ काढली. ही चूक कोणाची यावर अजून घरात एकमत नाही.

कागदी द्रोण उघडल्या उघडल्या कुरमुरे उठले. म्हणजे खरोखर उठले, वर गेले, गोल फिरले, काही सनरूफमधून बाहेर पडून मागच्या बाइकवाल्याकडे गेले, आणि द्रोणात राहिले ते शेंगदाणे, फरसाण आणि कांदा. आई मूळची गावाकडची, ती म्हणाली, "ही तर उफणणी झाली." अगदी बरोबर! खळ्यावर उंचावरून धान्य सोडलं की दाणे पायाशी पडतात आणि भूस वाऱ्याबरोबर लांब जातो, कारण वारा ढकलतो तो आकाराला आणि खाली ओढतं ते वजन. तांदळाचा दाणा फुलून कुरमुरा होतो तेव्हा वजन जवळपास तेवढंच राहतं आणि आकार कितीतरी पट वाढतो, म्हणजे धान्याचा पुन्हा भूस केल्यासारखंच. शेंगदाण्याला त्या वाऱ्याचं काही वाटत नाही.

आता गाडीच्या आत वर ओढणारा वारा आला कुठून? शाळेत एक ठोकळेबाज उत्तर मिळतं की वेगवान हवेचा दाब कमी असतो. तेवढ्याने भागत नाही. समोरून येणारी हवा पुढच्या काचेवरून वर चढते आणि टपावर आली की तिला वळून परत आडवं व्हावं लागतं. वळणावर एसटीत आपण जसे बाहेरच्या बाजूला फेकले जातो तशी हवा पण बाहेरच्या बाजूला, म्हणजे वर, जायला बघते, तिला खाली वळवून ठेवायला टपाजवळ दाब कमी व्हावा लागतो, आणि तो होतो. आत जास्त दाब, वर कमी दाब, मग केबिनमधली हवा वर निघते आणि जे हलकं हाताला लागेल ते घेऊन जाते, कुरमुरे, टिश्यू पेपर, पेट्रोलची पावती. मागची खिडकी उघडी असेल तर तिकडून नवीन हवा आत येत राहते, म्हणजे ओढ आणखी जोरात. भुप-भुप थांबवलं आणि भेळ घालवली.

मुळशी ओलांडल्यावर पाऊस आला, आधी बारीक भुरभुर. दाजी म्हणाले काच लावायची गरज नाही, बघा एक थेंब येत नाहीये. त्यांच्यावर खरंच येत नव्हता. बारीक थेंब सेकंदाला २ मीटर वेगाने पडतो, आणि सत्तरच्या स्पीडला ते अर्ध्या मीटरचं भोक पुढे निघून जायला लागतं सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग. तेवढ्यात थेंब पडणार किती, ५ सेंटीमीटर. शिवाय काचेवरून वर चढलेली हवा त्याला उचलूनच नेते. म्हणून भुरभुर पाऊस डोक्यावरून सुळकन मागे जातो. पण थेंब मोठा झाला, ५ मिलीमीटरचा, की तो सेकंदाला ९ मीटरने येतो, तेवढ्याच वेळात वीतभर खाली उतरतो, आणि हवेला जुमानत नाही. आता तो आत आला तरी गाडी पुढे पळतेय, म्हणजे आपल्या नजरेने थेंब मागे पळतोय, मग तो पडणार मागच्या सीटवर. पुढे दाजी कोरडे ठणठणीत, "पाऊस येतच नाही" म्हणतायत, आणि मागे आईने पदर डोक्यावर घेतलेला. पुढे एका वळणाआड एसटी आडवी आली, गाडी थांबली, आणि मग पुढचे-मागचे सगळे समान झाले. काच सरकायला मोजून पाच-सहा सेकंद लागतात, पण ताम्हिणीच्या पावसात पाच सेकंद फार होतात हो!

धबधब्याखाली गाडी घालायचा मोह पण दाजींना झाला होता, तो ताईने हाणून पाडला. २०२३ साली एका एसयूव्हीचा व्हिडिओ खूप फिरला होता, धबधब्याखाली उभी केली आणि छतातल्या लाइटमधून आणि स्पीकरमधून आत धारा लागल्या. लोकांना वाटतं सनरूफ बंद केलं की डब्याचं झाकण लागलं. तसं ते नसतंच. कडेचं रबर बरंचसं पाणी अडवतं, सगळं नाही, आणि जे आत शिरतं त्यासाठी खाली चारी बाजूंनी पन्हाळ असते, पन्हाळीच्या कोपऱ्यांत बोटाएवढे पाइप, ते काचेशेजारच्या खांबांमधून खाली उतरून पाणी गाडीखाली सोडतात. कौलारू घराचीच सिस्टीम. ताशी १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत ढगफुटी, तो सगळा ०.४ चौरस मीटरच्या भोकावर पडला आणि सगळाच आत शिरला असं धरलं तरी तासाला ४० लिटर, सेकंदाला जेमतेम दोन चमचे, पाइपांना हसतखेळत जमतं. धबधब्यात मात्र एका सेकंदात बादलीच्या बादली ओतली जाते, आणि १० मीटरवरून पडणारं पाणी टपावर पोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. एवढ्या जोरात आलेलं पाणी रबराला बाजूला सारून आत येणारच.

बाकीचे किस्से थोडक्यात सांगतो. चहाला थांबलो तेव्हा काच उघडी राहिली आणि एक माकड आत उतरून उरलेले शेंगदाणे गालात भरून गेलं. लाल तोंडाच्या माकडांना गालात पिशव्या असतात, आधी कोंबायचं आणि नंतर झाडावर बसून निवांत खायचं, म्हणून ते इतक्या झटपट काम आटपतात (काळ्या तोंडाच्या वानरांना ही सोय नाही, बिचारे). परतीच्या दिवशी दाजींचं टक्कल भाजलं. वाऱ्यामुळे घाम उडत राहतो, गार वाटतं, आणि अतिनील किरण त्वचेला गरम लागतच नाहीत, त्यामुळे लाल झाल्याचं रात्री आंघोळीला कळतं. गंमत म्हणजे १९३७ मध्ये अमेरिकेत नॅश कंपनीने गाडीला सनरूफ दिलं तेव्हा ते सरकतं पत्र्याचं झाकण होतं, उन्हाला तरसणाऱ्या लोकांची हौस ती. काचेचं आलं तेव्हा त्याला मूनरूफ म्हणायला लागले, आणि आपल्याकडे तर चंद्रच बरा, मे महिन्यात उघडून बघा.

आणि सनरूफमधून उभे राहणारे. यात मला काही मजा वाटत नाही, ब्रेक लागला की ती कड थेट पोटात किंवा बरगड्यांत येते, पोलीस दंड करतात ते वेगळंच. पण एक हिशोब सांगतो. पहिल्या वळवानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे (उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर थव्याने येतात, ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना माहिती असेल. १ ग्रॅमचा भुंगेरा सत्तरच्या स्पीडला कपाळावर बसला की पेन्सिल सेल एक मीटरवरून कपाळावर सोडल्याइतका दणका असतो. छोटी चिलटं हवेबरोबर वळून निघून जातात, भुंगेरा जड असल्यामुळे वळत नाही, कुरमुरे आणि शेंगदाण्याचाच न्याय.

आता दाजींचं पाणी. ट्रिपनंतर महिनाभराने, कडक ऊन, रात्री पाऊस पडून गेलेला, ते ऑफिसला निघाले आणि पहिल्याच सिग्नलला ब्रेक मारला तर आरशाजवळच्या लाइटमधून तांब्याभर गार पाणी थेट डोक्यावर. शेजारचा रिक्षावाला हसला म्हणून त्यांना जास्त लागलं. झालं काय होतं, पन्हाळीत पाणी तुंबलं होतं. ब्रेक मारला की गाडी थांबते पण पाणी पुढे जायचं थांबत नाही. नेहमीच्या हलक्या ब्रेकला सुद्धा पाण्याचा पृष्ठभाग १० अंशांच्या आसपास कलतो, जोरात मारला तर पंचविसाच्या पुढे, आणि पन्हाळ जेमतेम दोन बोटं खोल. लांबी एवढी आणि खोली एवढीशी म्हटल्यावर सगळं पाणी पळत पुढच्या कडेला येतं आणि तिथून छताच्या कापडामागे. सगळ्यात जवळचं भोक लाइटचं, आणि त्याच्या खाली दाजी.

गॅरेजवाल्याने आधी हवा मारायला सांगणाऱ्या दाजींना गप्प केलं, कारण जोराच्या हवेने पाइप आतल्या आत जोडापासून सुटला तर सगळं छत उतरवावं लागतं. त्याने नायलॉनची लवचिक तार घेतली, पुढच्या डाव्या कोपऱ्यात हळूहळू फिरवत घातली, आणि खाली चाकाजवळ काळ्या चिखलाचा एक बुचासारखा गोळा पडला, त्यामागून भळाभळा पाणी. त्याने गोळा बोटाने फोडून बघितला. गुलमोहराची बारीक पानं होती, धूळ होती, आणि मधोमध फुगून चिकट झालेले चार-पाच कुरमुरे.

"साहेब, गाडीत काय खाता काय तुम्ही?" म्हणाला.