संकेतस्थळाची परीक्षा ब्राउझरमध्येच

२०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमधील लॉज, यात्री निवास आणि टॅक्सीचालक आपापली संकेतस्थळे नव्याने करून घेतील, तेव्हा त्यांत भगव्या रंगाला अर्थातच मान मिळेल. पांढऱ्या पार्श्वभूमीवरची भगवी अक्षरे कार्यालयातील मोठ्या पडद्यावर शोभून दिसतात. परंतु तीच अक्षरे रामकुंडाच्या घाटावर, भर दुपारच्या उन्हात, मोतीबिंदू झालेल्या एखाद्या आजोबांना मोबाइलवर वाचायची असतात. ती वाचता येतील की नाही, हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ते मोजता येते, आणि मोजण्याचे साधन संगणकावरील क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये आधीपासूनच असते.

पान उघडून एफ१२ ही कळ दाबली की 'डेव्हलपर टूल्स' उघडतात. क्रोममध्ये तेथील बाणाचे चिन्ह निवडून अक्षरांवर माउस नेला की छोट्या चौकटीत 'कॉन्ट्रास्ट' (अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातील फरक) या नावापुढे एक आकडा दिसतो. तो काढण्यासाठी अक्षरांची आणि पार्श्वभूमीची तेजस्विता वेगवेगळी मोजली जाते. मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरतात. मग दोन्ही तेजस्वितांमध्ये ०.०५ मिळवून मोठीला लहानीने भागतात. ही भर पडद्यावरून परावर्तित होणाऱ्या आजूबाजूच्या प्रकाशासाठी आहे. काळ्यावर पांढरे असेल तर उत्तर २१ येते, आणि दोन्ही रंग एकच असतील तर १. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यता निकषांनुसार (म्हणजे अपंगांसह सर्वांना पान वापरता यावे यासाठीच्या निकषांनुसार) नेहमीच्या अक्षरांसाठी हे गुणोत्तर किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ असावे लागते. संकेतस्थळांवर सर्रास वापरली जाणारी 'एफएफ९९३३' या संकेतांकाची भगवी छटा पांढऱ्यावर २.१च्या आसपास अडकते, म्हणजे ठसठशीत मथळ्यालाही ती पुरत नाही. याच छटेची पार्श्वभूमी करून वर काळी अक्षरे ठेवली, तर गुणोत्तर ९.८ च्या पुढे जाते. भगवा सोडण्याची गरज नाही. त्याची जागा तेवढी बदलायची.

एकेक अक्षर तपासण्याऐवजी सगळे पान एकदम तपासायचे असेल, तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील 'लाइटहाउस' हा विभाग वेग, सुगम्यता वगैरे बाबींना १००पैकी गुण देतो. पानातील सर्वांत मोठा मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांत दिसावे, आणि मागाहून येणाऱ्या चित्रांमुळे मजकूर खाली सरकून बोट भलत्याच बटनावर पडू नये, अशा अपेक्षा त्यामागे असतात. गर्दीत नेटवर्क मंदावल्यावर काय होईल, हे 'नेटवर्क' विभागात वेग मुद्दाम कमी करून पाहता येते.

संकेतस्थळ तयार करणारे हे गुण प्रमाणपत्रासारखे पुढे करतात, तेव्हा मात्र सावध राहावे. चित्र न दिसणाऱ्यांसाठी त्याला पर्यायी वर्णन दिले आहे की नाही, एवढेच लाइटहाउस पाहते. त्र्यंबकेश्वर मंदिराच्या फोटोला 'छायाचित्र' इतकेच वर्णन दिले तरी त्याचे समाधान होते. मराठी पानाची भाषा चुकून इंग्रजी नोंदवलेली असली, तरी भाषेची नोंद आहे म्हणून गुण मिळतात, आणि स्क्रीन रीडर (अंधांसाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली) मात्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो. वेबएम या संस्थेचे 'वेव्ह' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, दोषांच्या खुणा थेट पानावरच उमटवते, म्हणून नवख्या माणसाला मी आधी तेच सुचवीन. पण अर्थ तपासणे त्याच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

आपल्याकडचा एक दोष तर या साधनांच्या नजरेतून साफ निसटतो. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीच्या आधीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये मजकूर असेल, तर डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, आणि शोधयंत्रालाही तो मजकूर मराठी म्हणून सापडत नाही. परीक्षा अगदी सोपी आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. तेथे मराठी उमटले तर ठीक, अगम्य अक्षरे आली तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. दरपत्रकांच्या जुन्या पीडीएफ फायलींची अशी झडती आवर्जून घ्यावी.

यानंतर माउस बाजूला ठेवून टॅब कळीने पुढे सरकत केवळ कळफलकावरून खोलीचे आरक्षण पूर्ण करून पाहावे. आपण कोठे आहोत हे दाखवणारी चौकट कित्येकदा 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकलेली असते, आणि तारीख निवडण्याच्या दिनदर्शिकेपर्यंत तर पोहोचताच येत नाही. शेवटी विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करून पान ऐकावे. त्यात एच दाबल्यावर पुढच्या शीर्षकावर उडी जाते आणि कंट्रोल दाबल्यावर आवाज थांबतो. पानातील शीर्षके कोडमध्ये शीर्षक म्हणून न नोंदवता केवळ अक्षरे ठळक करून सजवलेली असतील, तर एच कितीही वेळा दाबले तरी पुढे शीर्षक नसल्याचेच ऐकू येते.