मद्यधुंद ग्राहक आणि सुरक्षारक्षकाचे अधिकार: पात्रता, कागदपत्रे व पोलिसांच्या ताब्यात देण्याची पद्धत

पर्मिट रूमच्या दारात उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला गणवेशामुळे पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. कायद्यापुढे तो सामान्य नागरिकच असतो आणि ही बाब त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी समजावून सांगितली पाहिजे, कारण चूक झाल्यास गुन्हा त्याच्यावरही दाखल होतो.

खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ प्रमाणे एजन्सीचा रक्षक भारतीय नागरिक आणि १८ ते ६५ वर्षे वयाचा असावा. ओळख, पत्ता व वयाचे पुरावे आणि छायाचित्र देऊन त्याने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सादर करावे आणि एजन्सीचे छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत बाळगावे. केंद्राच्या आदर्श नियमांत वर्गातील १०० आणि प्रत्यक्ष कामाचे ६० तास प्रशिक्षण सांगितले आहे. खासगी बचावाचा हक्क व एफआयआर नोंदवण्याची पद्धत त्यातच येते. हे दोन विषय वरवर उरकू नयेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्यासमोर अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) आणि दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो, मात्र विनाकारण विलंब न लावता, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ खालील गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र असल्याने तेवढ्यावरून ग्राहकाला धरून ठेवता येत नाही. बिलावरून हुज्जत घालणाऱ्याला कोठीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, तर तो कलम १२७ प्रमाणे अन्यायाने केलेला बंदिवास ठरू शकतो. त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय त्याचे खिसे तपासू नयेत, मोबाइलही काढून घेऊ नये.

तोच ग्राहक बाटली उगारून अंगावर आला, तर मात्र रक्षकाला बचावाचा पूर्ण हक्क आहे. समोरचा नशेत आहे म्हणून हा हक्क कमी होत नाही, असे न्याय संहितेचे कलम ३६ स्पष्टपणे सांगते. फक्त बळाचा वापर बचावापुरताच असावा. हल्लेखोर जमिनीवर आडवा झाल्यावर मारलेली लाथ बचावात बसत नाही.

वाद वाढण्याआधीच व्यवस्थापकाला बोलावून ग्राहकाला बाहेर जाण्यास सांगावे आणि तो ऐकत नसल्यास ११२ वर फोन करावा. वेळ, घडलेला प्रकार व साक्षीदारांची नावे नोंदवहीत लिहावीत, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवावे आणि ग्राहकाला ताब्यात दिल्यास पोलीस अधिकाऱ्याचे नाव व वेळ टिपून घ्यावी. ग्राहक शुद्धीवर नसेल, तर आधी १०८ वरून रुग्णवाहिका बोलवावी.