ऑइल प्रेशर कमी दाखवतंय म्हणून स्प्रिंगमागे वायसर?

इंजिनचं काम काढलेल्या गाड्यांसाठी एक जुगाड यूट्यूबवर फार फिरतोय. नवीन रिंगा, नवीन बेअरिंग, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) ग्राइंड, सगळं झालं, आणि गाडी गरम होऊन सिग्नलला उभी राहिली की ऑइलच्या गेजचा काटा खाली बसतो. मग कोणीतरी ऑइल पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंगच्या मागे एक वायसर सरकवतो, गाडी चालू करतो आणि "बघा, प्रेशर वाढलं" म्हणून काटा दाखवतो. आता नीट बघा, काटा दाखवताना भाऊ रेस देत असतो!

मुळात पंप प्रेशर बनवतच नाही. गिअरवाला ऑइल पंप एका फेऱ्यात ठरलेलं ऑइल पुढे ढकलतो, बस्स. त्या ऑइलला बाहेर पडायला जितका त्रास होतो तितकं प्रेशर गेजवर दिसतं. इंजिनात हा त्रास मुख्यतः बेअरिंगच्या फटीत होतो. पंप जास्त रेसला खूपच ऑइल ढकलायला लागला तर प्रेशर अमर्याद वाढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो, समजा ४ बारला उघडणारा (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय). म्हणजे ४ बारच्या खाली तो व्हॉल्व्ह बंदच आहे. गरम आयडलला (म्हणजे रेस न देता नुसतं चालू इंजिन) गेज १ बार दाखवत असेल तर स्प्रिंग कडक असो की मऊ, तिचा तिथे काही संबंधच येत नाही. वायसर टाकून तुम्ही वरची मर्यादा ४ ची ५ केली, खालचा १ होता तो १ च राहिला. व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडा राहिला असेल किंवा स्प्रिंग तुटली असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो साफ करायचा, स्प्रिंग बदलायची, वायसर कशाला?

वर तोटे आहेतच. डिसेंबरात नाशिकला सकाळी गार इंजिन चालू केलं की ऑइल घट्ट असतं, तेव्हा ही वाढीव मर्यादा लगेच गाठली जाते, फिल्टरच्या सीलवर ताण येतो, पंपाच्या ड्राइव्हवर येतो, आणि पंप फिरवायला लागणारी ताकद फुकट जाते ती वेगळीच.

मग आयडलचं प्रेशर पडतं कशाने? इथे माझा आवडता भाग येतो. अरुंद फटीतून जाणारं ऑइल हे फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. फट दुप्पट झाली की गळती आठपट. आता खरे आकडे घ्या, साध्या कारच्या मेन बेअरिंगमध्ये जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि बेअरिंगमधला क्लिअरन्स, म्हणजे फट, ०.०४ मिमी आहे, ग्राइंडिंगवाल्याने क्रँक जरा जास्त घासला आणि तो ०.०५ झाला. फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, हाताला कळणारसुद्धा नाही, पण ०.०५ भागिले ०.०४ म्हणजे १.२५ आणि त्याचा घन १.९५. गळती जवळजवळ दुप्पट! पंप तेवढाच, म्हणून प्रेशर अर्ध्यावर. ऑइलचा घट्टपणा पण याच हिशोबात येतो, ४० ग्रेडचं नेहमीचं मल्टिग्रेड ऑइल ४० अंशाला जितकं घट्ट असतं त्याच्या साधारण सातवा हिस्सा १०० अंशाला उरतं, म्हणून सकाळी दणदणीत दिसणारा काटा दुपारी ट्रॅफिकमध्ये झोपतो.

मोठा पंप लावला तर? अमेरिकेत शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ला हाय व्हॉल्यूम पंप मिळतात, त्यांचे गिअर नेहमीपेक्षा साधारण पाव पटीने जास्त लांब असतात. त्याने आयडलचं प्रेशर खरंच वाढतं, कारण ऑइल जास्त ढकललं जातं. पण हिशोब करा, पाव पट ऑइल वाढवून पाव पट जास्त प्रेशर मिळालं, आणि तो एक शतांश मिलिमीटर अर्धं प्रेशर खाऊन बसलाय.

आणि बेअरिंगला क्रँक टेकू नये म्हणून जे प्रेशर लागतं ते पंपाचं नसतंच. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशॅम्प टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या ॲक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. त्याने ऑइल घालायला वरून भोक पाडलं, तर फिरत्या ॲक्सलने ऑइल त्या भोकातून उलटं बाहेर यायला लागलं. बूच मारलं, ते वर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी गेज लावला तर तो २०० पीएसआयच्या पुढे, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार फक्त १०० चा. पंप नव्हताच तिथे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं: जर्नल फिरताना ऑइलला ओढून निमुळत्या फटीत घुसवतो आणि प्रेशर तिथेच तयार होतं. पावसात एक्सप्रेसवेवर वेगातला टायर पाण्यावर चढतो तेही साधारण असंच. कारच्या बिग एंडमध्ये (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) हे प्रेशर काहीशे बारपर्यंत जातं, त्यापुढे पंपाचे ४ बार किस झाड की पत्ती. पंपाचं काम फक्त त्या फटीला ऑइल कमी पडू द्यायचं नाही (जास्त रेसला क्रँकच्या भोकांतून ऑइल सेंट्रिफ्यूगल फोर्सच्या विरुद्ध आत न्यायलाही प्रेशर लागतं, पण ते राहू दे).

म्हणून इंजिन बांधतानाच मोजा. प्लास्टीगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो, त्याचा तुकडा कोरड्या जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, बेअरिंगची कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, परत खोलायचं. धागा चपटा होऊन पसरलेला असतो, पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी जुळवली की क्लिअरन्स कळतो. पंपाच्या कव्हरवर गिअरने घासून गोल खड्डा पडला असेल तर तेही बघा, आयडलला पंप स्वतःच्याच आत गळतो. कव्हर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं की बहुतेक वेळा काम होतं. आणि चेंबरमधल्या (इंजिनखालचं ऑइल साठणारं भांडं) सक्शन पाइपची ओ-रिंग नवीन टाका, तिथून हवा ओढली की पंप ऑइलबरोबर फेस ढकलतो.

प्रेशर वाढवणाऱ्या ॲडिटिव्हच्या बाटल्या बहुतेक ऑइल घट्ट करतात, त्याने काटा उठतो, झीज भरून येत नाही. नव्या इंजिनला लिंबू-मिरची बांधायची तर खुशाल बांधा, पण पंप बसवण्याआधी गिअरमध्ये व्हॅसलिन भरा म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून ऑइल ओढलं जाईल. ग्रीस नको, ते लवकर विरघळत नाही आणि भोकं तुंबतात. मग स्पार्क प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून, नुसता स्टार्टर थोडा थोडा मारायचा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत, आणि त्यानंतरच प्लग लावायचे.