उत्तर द्यायची घाई नको, जरा थांबा

अकरा महिन्यांचं बाळ, म्हणजे धड चालताही येत नाही, बोलणं तर लांबच. त्याच्यासमोर खेळण्यातली गाडी उतारावरून सोडली आणि ती समोरच्या भिंतीच्या आरपार गेल्यासारखी दिसली (युक्ती केलेली होती), तर ते काय करेल? २०१५ साली एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत हे करून बघितलं. नंतर तीच गाडी हातात दिली तर बाळं ती ट्रेवर आपटायला लागली, जणू खरंच टणक आहे ना ते बघतायत. आणि ज्या बाळांना गाडी हवेत तरंगताना दाखवली होती ती आपटत नव्हती, ती गाडी हातातून खाली सोडून बघत होती! जशी शंका तशी तपासणी, आणि हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

त्यामुळे मुलांमध्ये कुतूहल कसं निर्माण करायचं, असं कुणी विचारलं की मला ते पटतच नाही. ते असतंच हो. आपण त्याला जागा ठेवतो का, एवढंच बघायचं.

आणि जागा कशी जाते ते बघा. २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या टीमने बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी नळ्यानळ्यांचं एक खेळणं बनवलं, एक नळी ओढली की चूं-चूं आवाज, एकीकडे बटण दाबलं की लाइट, एकीकडे सूर वाजणार, आणि एका नळीत आरसा लपवलेला. काही मुलांना ताईने नीट शिकवून फक्त चूं-चूं दाखवलं, "हे असं चालतं बघ." काहींसमोर मात्र तेच चुकून झाल्यासारखं केलं, "अरेच्चा, हे काय झालं?" मग खेळणं मुलांच्या ताब्यात दिलं. ज्यांना नीट शिकवलं होतं ती चूं-चूं करत बसली आणि लवकर कंटाळली, बाकीच्यांनी जास्त वेळ खेळून बाकीच्या गमती शोधल्या.

यात मुलांचा आळस नाही, उलट त्यांचं लॉजिक बरोबर आहे! माहितगार माणसाने एकच गोष्ट दाखवली म्हणजे एकच असणार, नाहीतर दुसरी दाखवली नसती का? आणि म्हणून शिकवूच नका असंही यातून निघत नाही, कारण ज्या मुलांना नीट दाखवता दाखवता ताईला मध्येच उठून जावं लागलं (तेही ठरवूनच), त्यांनीसुद्धा पुढे शोधाशोध केली. म्हणजे दाखवा, पण "झालं, संपलं" असा सूर नको.

वर्गातही हेच होतं. मेरी बड रो यांनी १९७० च्या आसपास वर्गातली रेकॉर्डिंग्ज ऐकली तर शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी एकच सेकंद थांबत होते. तो वेळ ३ सेकंदांच्या पुढे नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, आणि ज्यांना शिक्षक अभ्यासात मागे समजत होते ती मुलंही बोलायला लागली. फक्त दोन सेकंद जास्त हो, पैसा नाही की साहित्य नाही.

पण कुतूहल असलं तरी मोठ्यांच्या म्हणण्यालाही प्रश्न विचारायला धाडस लागतं, त्याचं काय? मला इथे एमिली रोझा आठवते. अमेरिकेतली ९ वर्षांची, चौथीतली मुलगी. तेव्हा काही उपचार करणारे म्हणत की रुग्णाला हात न लावता, नुसता अंगावरून फिरवून आम्हाला त्याची ऊर्जा जाणवते आणि त्यावर उपचार करता येतात. मोठी माणसं वाद घालत होती की याने माणूस बरा होतो की नाही, आणि ते ठरवणं खरंच किचकट, कारण आजार आपोआपही बरे होतात. एमिलीने प्रश्नच बदलला: मुळात ऊर्जा जाणवते का ते आधी बघू! पुठ्ठ्याचा पडदा, त्याला दोन भोकं, त्यातून उपचार करणाऱ्यांनी दोन्ही हात तळवे वर करून पलीकडे काढायचे, एमिली नाणं उडवून ठरवणार आणि त्यातल्या एका हाताच्या वर आपला हात थोडा अंतरावर धरणार, सांगा कुठल्या हाताच्या वर आहे? २१ जणांनी मिळून २८० वेळा सांगितलं, बरोबर आलं १२३ वेळा, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज केला असता तरी निम्मे बरोबर यायला हवेत. १९९८ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं, तेव्हा ती ११ वर्षांची होती.

तिची आई नर्स होती आणि पेपर लिहायला मदतीला होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. "तू लहान आहेस, त्यांना जास्त कळतं" असं घरात म्हटलं गेलं असतं तर हा पुठ्ठा कापलाच गेला नसता. क्रिएटिव्ह म्हटलं की आपण चित्रं आणि रंग एवढंच धरतो, पण भल्यामोठ्या वादातून नाण्याने आणि पुठ्ठ्याने तपासता येईल एवढा छोटा प्रश्न काढणं, ही मला सगळ्यात भारी कल्पकता वाटते.

घरी करून बघायचं असेल तर मूल विचारेल तेव्हा, बर्फ पाण्यावर का तरंगतो, तर लगेच घनता वगैरे सांगू नका. "तुला काय वाटतं?" विचारा आणि मनात तीन आकडे मोजा. हलका असतो म्हणून, असं आलं तर पुढचा प्रश्न, मग तेलात टाकला तर? आधी त्याला अंदाज सांगू दे, मग काचेच्या ग्लासात खाद्यतेल घ्या आणि बर्फाचा तुकडा सोडा. बऱ्याचदा तो अगदी जेमतेम वर राहतो, आणि वितळायला लागला की त्याच्या खालून पाण्याचे गोल थेंब सुटून तेलातून हळूहळू तळाशी जातात. बर्फ वर, त्याचंच पाणी खाली, हे बघून मूल जे विचारेल तिथे परत तीन आकडे मोजा.