भ्रूणप्रतवारी

शरीराबाहेर फलन घडवून (आयव्हीएफ) वाढवलेल्या भ्रूणांपैकी गर्भाशयात कोणता रुजण्याचा संभव अधिक, हे सूक्ष्मदर्शकातून पारखण्याची पद्धत. प्रयोगशाळेत ‘ग्रेडिंग’ हाच शब्द रूढ असून कोल्हापुरातील उपचारकेंद्रांत येणारी जोडपीही ‘ए ग्रेड आहे ना?’ असेच विचारतात.

आयव्हीएफने जन्मलेले जगातील पहिले मूल असलेल्या लुईस ब्राउनच्या (जन्म १९७८) वेळी रोपलेला भ्रूण आठ पेशींचा होता. म्हणजे पेशी मोजण्याची रीत जुनीच. गुण देण्याच्या पद्धती मात्र साधारणतः १९८० नंतर आकाराला आल्या असाव्यात. २०११ च्या इस्तंबूल मतैक्यानुसार (भ्रूणतज्ज्ञांनी ठरवलेले समान निकष) फलनानंतर सुमारे ४४ तासांनी चार व ६८ तासांनी आठ पेशी अपेक्षित असतात. पेशी सारख्या आकाराच्या असाव्यात, पेशींपासून तुटलेले तुकडे १० टक्क्यांहून कमी असावेत आणि एका पेशीत एकाहून अधिक केंद्रके नसावीत, हेही पाहतात.

पाचव्या दिवशीच्या भ्रूणासाठी (ब्लास्टोसिस्ट) गार्डनर व स्कूलक्राफ्ट यांची १९९९ ची पद्धत सर्वाधिक वापरात आहे. ‘४एबी’ या शेऱ्यातील अंक पोकळीचा फुगवटा दाखवतो. पहिले अक्षर ज्यातून बाळ घडते त्या आतल्या पेशीपुंजाचे, दुसरे ज्यातून वार बनते त्या बाह्यस्तराचे. या दोहोंत अधिक वजन कोणाला, यावर मतभेद आहे. पूर्वी पेशीपुंजाला झुकते माप मिळे. नंतरच्या काही अभ्यासांत बाह्यस्तराचा जिवंत जन्माशी अधिक निकटचा संबंध दिसला. गर्भाशयाच्या अस्तराला प्रत्यक्ष चिकटतो तो बाह्यस्तरच, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

प्रतवारी भाकीत करते, हमी देत नाही. दोन तज्ज्ञ एकाच भ्रूणाला वेगळी प्रत देऊ शकतात. देखण्या भ्रूणातही गुणसूत्रांची संख्या चुकलेली असू शकते आणि बीज देणाऱ्या स्त्रीचे वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. उलट ‘सी’ या सर्वांत खालच्या शेऱ्याच्या भ्रूणांपासूनही निरोगी मुले जन्मली आहेत. प्रत कमी आली म्हणून जोडप्याने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

गुणसूत्रे तपासता येतात, पण त्या तपासणीत लिंगही कळते. ते सांगणे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच कक्षेत आली. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, म्हणून ही तरतूद येथे विशेष महत्त्वाची ठरते.