रस्त्यावरचं खाल्लं की पोट बिघडतंच?

पाठीवर सॅक टाकून मोठं शहर बघायला निघालेल्याला हा सल्ला हमखास मिळतो: गाडीवरचं खाऊ नकोस, हॉटेलातच जेव. पण जंतूंना जागेशी देणंघेणं नसतं, तापमानाशी असतं. 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये ते झपाट्याने वाढतात. म्हणूनच शिजवलेलं अन्न 2 तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळ्यांदेखत तव्यावरून उतरलेला, बोटांना चटका देणारा घास हॉटेलात सकाळपासून कोमट पडलेल्या पदार्थापेक्षा कितीतरी बरा. गर्दीच्या गाडीवर माल पडून राहत नाही, तिथे खुशाल रांग लावा. जपायचं ते कापून ठेवलेल्या फळांपासून आणि बर्फापासून. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत! बाजारातून फळ अख्खं घ्या, स्वच्छ पाण्याने धुवा, स्वतः सोला.